वीस दिवसांचा तांदूळ

लढाईबद्दल काहीही वाचायला घेतलं की माझं लक्ष सगळ्यात आधी गाडीकडे जातं. कुठून भरली, कुठल्या रस्त्याने निघाली, मधे घाट किती, पोचायला किती दिवस. गेली चौदा वर्षं चाकणला ट्रान्सपोर्टमध्ये डिस्पॅच बघतोय त्यामुळे असेल. पावसाळ्यात घाटात दरड पडली आणि चार गाड्या दोन दिवस अडकल्या की पुढे काय काय बंद पडतं हे मी फोनवर शिव्या खाऊन शिकलोय. म्हणून इंफाळ-कोहिमाची लढाई मला जेवढी जवळची वाटते तेवढी स्टालिनग्राडपण वाटत नाही, कारण ही पूर्ण लढाईच माल कुणाचा पोचतो यावर फिरली.

आपल्याकडे ही लढाई फार कुणाला माहीत नसते याचं मला मनापासून वाईट वाटतं. शाळेत दुसरं महायुद्ध म्हणजे हिटलर, पर्ल हार्बर, हिरोशिमा. पण १९४४ च्या मार्चमध्ये जपानी फौज चिंदविन नदी ओलांडून मणिपूरमध्ये आणि नागा टेकड्यांमध्ये घुसली होती, आपल्या भारतात, आणि तिला अडवणाऱ्यांमध्ये सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकणातली पोरं होती हे मला स्वतःला तिशी उलटल्यावर कळलं. माझं गाव कोरेगाव तालुक्यातलं, आमच्या भागात घरटी एक फौजी, तरीपण कुणी सांगितलं नाही.

तर थोडक्यात मांडणी सांगतो. जपान्यांनी १९४२ मध्ये बर्मा घेतला होता. तिथल्या १५ व्या आर्मीचा कमांडर रेन्या मुतागुची, त्याच्या डोक्यात आलं की इंग्रज हल्ल्याची तयारी करतायत तर आपणच आधी जाऊन त्यांचा इंफाळचा तळ घ्यायचा. तीन डिव्हिजन, म्हणजे फौजेचे तीन मोठे भाग. ३३ वी खालून टिडीमच्या रस्त्याने, १५ वी इंफाळच्या उत्तरेला रस्ता तोडायला, आणि ३१ वी, सातो नावाच्या जनरलची, थेट कोहिमावर. कोहिमा म्हणजे दिमापूर आणि इंफाळच्या मधलं नाकं. दिमापूरला रेल्वे, तिथून कोहिमा ४६ मैल, तिथून पुढे इंफाळ, आणि सगळ्या फौजेला पोसणारा रस्ता हा एकच.

आता माझ्या कामाची गोष्ट. तिन्ही डिव्हिजनना सोबत अन्न किती दिलं होतं? साधारण वीस दिवसांचं, फार तर तीन आठवड्यांचं. मुतागुचीचा हिशोब असा की तीन आठवड्यांत इंफाळ पडेल आणि मग इंग्रजांचीच गोडाऊनं आपली. १५ आणि ३१ व्या डिव्हिजनने चिंदविन ओलांडली १५ मार्चच्या रात्री. १५ मार्च अधिक वीस दिवस म्हणजे ४ एप्रिल, तुम्हीच मोजून बघा. आणि जपानी फौज कोहिमाला पोचून तिथली लढाई सुरू झाली ती तारीखसुद्धा ४ एप्रिलच. म्हणजे लढाई सुरू झाली तेव्हाच पाठीवरचा तांदूळ संपलेला होता. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी रात्री एक वाजता उठून कॅलेंडर काढून परत मोजलं होतं.

यावर मुतागुचीकडे एक तोडगा होता, जनावरं. बर्मातल्या गावांमधून हजारो बैल-गाई गोळा केल्या, त्यांच्या पाठीवर माल लादायचा आणि वाटेत लागतील तशी कापून खायची, चंगीजखानाची फौज गुरं सोबत हाकायची तसं. कागदावर झकास वाटतं. पण ज्याने घरी बैल बघितलाय त्याला विचारा. सपाटीवर नांगराला नाहीतर गाडीला जुंपलेला बैल, त्याला पाठीवर ओझ्याची सवय नाही, पाच-सहा हजार फुटांचे डोंगर, पायवाट एवढीशी, वर वैरण नाही. बैल एकदा बसला की बसला, शेपूट पिरगाळा नाहीतर काहीही करा, तो उठत नाही आणि मागची रांग अडते. कितीतरी जनावरं चिंदविनच्या पाण्यातच गेली, उरलेली बरीचशी डोंगरात, दरीत, पाठीवरच्या मालासकट. रणगाडे आणि जड तोफा डोंगरातून नेता येत नाहीत म्हणून बऱ्याचशा मागेच ठेवल्या होत्या. थोडक्यात सगळी भिस्त वेळेवर. प्रत्येक दिवस म्हणजे एक दिवसाचा भात.

आणि बरोब्बर इथेच सांगशाक येतं, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलोय.

सांगशाक हे उखरुलच्या खालच्या अंगाला तांगखुल नागांचं गाव, टेकडीवर, वरच्या टोकाला चर्च. तिथे त्यावेळी नुकतीच आलेली ५० वी इंडियन पॅराशूट ब्रिगेड होती, ब्रिगेडियर होप-थॉमसनची. पॅराशूटवाले असले तरी पॅराशूटने उतरलेले नव्हते, डोंगरात राहून जंगलाचं ट्रेनिंग करायला पाठवलेले. दोन बटालियन, १५२ वी भारतीय आणि १५३ वी गुरखा. आणि त्यांच्यासोबत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन. मराठे खरं तर आधीपासून त्या भागात होते, आता आपली जागा पॅराशूटवाल्यांना देऊन निघायचं एवढंच बाकी होतं. थोडे नेपाळचे कालीबहादुर रेजिमेंटचे लोक, एक माउंटन बॅटरी म्हणजे डोंगरी तोफखाना, काही मॉर्टर, सॅपर म्हणजे फौजेतले इंजिनिअर, आणि एक फील्ड ॲम्ब्युलन्स. एवढीच फौज.

१९ मार्चला पुढच्या एका टेकडीवर, नकाशावर जिचं नावच ७३७८ असं उंचीवरून पडलंय, तिथे १५२ व्या बटालियनची एक कंपनी होती तिच्यावर जपानी येऊन आदळले. ती कंपनी रात्रभर लढली आणि दुसऱ्या दिवशी संपली, परत आले ते मूठभर. तोवर इंफाळला कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं की या बाजूने एवढी मोठी फौज येतेय. मागे हटत हटत सगळे सांगशाकच्या टेकडीवर गोळा झाले. जागा अशी की चहूबाजूंनी वेढा पडला की निघायला वाट नाही. काटेरी तारा मागवलेल्या, आल्याच नाहीत. खंदक खणायला गेले तर दोन-तीन फुटांवर खाली कातळ, पुढे कुदळ जाईना. म्हणजे गुडघ्याएवढ्या खड्ड्यात आडवं पडून लढायचं. आणि गावात पाणी नाही.

ते पाणी नाही हे वाक्य मी वाचून पुढे जात होतो, मग थांबलो. मार्च एंड, डोंगरमाथा, दिवसभर ऊन, तोंडात माती आणि तोफगोळ्यांचा धूर, मेलेली खेचरं तिथेच पडलेली कारण पुरायला खड्डा होत नाही, माणसं पण तशीच, तो वास, आणि बाटलीत दोन घोट. विमानातून माल टाकायचे पण टेकडीवरची जागा इतकी छोटी की बरीचशी पॅराशूटं जपान्यांच्या बाजूला जाऊन पडायची. आपलाच दारूगोळा, आपलंच अन्न आणि पाणी डोळ्यांसमोर समोरच्याच्या हाती जाताना बघायचं, आणि रात्री परत हल्ला.

समोर होता जनरल मियाझाकी, सातोच्या हाताखालचा, ३१ व्या डिव्हिजनचा. खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, त्या लढाईतली फार मोठी गोष्ट ही आहे की सांगशाक त्याच्या वाटणीत नव्हतंच. ते १५ व्या डिव्हिजनच्या हद्दीत येत होतं. त्याला वळसा घालून सरळ कोहिमाला जाता आलं असतं. पण बाजूला एवढी फौज सोडून पुढे जायचं त्याला पटलं नाही आणि त्याने तिथे डोकं आपटलं. दिवसामागून दिवस. त्याची कितीतरी माणसं त्या चर्चच्या आसपास पडली. एका मेलेल्या जपानी अधिकाऱ्याजवळ नकाशा आणि कागद सापडले, त्यात ३१ वी डिव्हिजन अख्खी कोहिमावर चाललीय हे मांडलेलं. त्याच्या नकला करून एक इंटेलिजन्स ऑफिसर रात्री जपानी वेढ्यातून पायी निघाला आणि त्याने ते इंफाळला पोचवले.

२६ मार्चच्या संध्याकाळी वायरलेसवर हुकूम आला की लढत बाहेर पडा, आधी दक्षिणेला आणि मग पश्चिमेला. रात्रीच्या अंधारात, जखमींना आधार देत, जंगलातून लोक निघाले. जे हलवण्यासारखे नव्हते ते मागे राहिले. हे लिहिताना पण हात थांबतो. सुमारे सहाशे माणसं ब्रिगेडने तिथे गमावली, मेलेले, जखमी, बेपत्ता धरून. आणि नंतर काय झालं, तर कितीतरी वर्षं या लोकांच्या नावावर पराभव लावला गेला, की ब्रिगेड तुटली, टेकडी सोडली. माझं म्हणणं स्पष्ट आहे, टेकडी गेली पण मियाझाकीचा जवळपास आठवडा खाल्ला. ज्याच्याकडे वीसच दिवसांचा तांदूळ आहे त्याचा आठवडा म्हणजे एक तृतीयांश पोतं. उत्तरेला जेसामी आणि खारासोम इथे आसाम रेजिमेंटने हेच केलं, शिपाई शेवटपर्यंत थांबले. हे दिवस मिळाले नसते तर कोहिमात जे थोडेफार सैन्य पोचलं तेही पोचलं नसतं.

आणि कोहिमाच्या मागे दिमापूर. तिथला डेपो अकरा मैल लांब आणि एक मैल रुंद होता म्हणतात. अकरा मैल गोडाऊन! मी रोज ज्या वेअरहाऊसमध्ये फिरतो ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला पाच मिनिटं लागत नाहीत आणि आम्ही त्याला मोठं म्हणतो. आणि सुरुवातीला त्या अकरा मैलांच्या राखणीला लढणारे लोक जवळपास नव्हतेच. आपल्या बाजूच्या, म्हणजे इंग्रजांच्या १४ व्या आर्मीचा जनरल स्लिम, त्याने नंतर स्वतः कबूल केलंय की कोहिमाकडे जपान्यांची फार तर एक रेजिमेंट येईल असं मी धरलं होतं, आणि आली पूर्ण डिव्हिजन. चूक झाली तर झाली म्हणणारा सेनापती मला आवडतो. मुतागुचीला दिमापूर घ्यायचं होतं, त्याच्या वरच्यांनी ते प्लॅनमध्ये नाही म्हणून परवानगी दिली नाही. सातोसुद्धा पुढे गेला नाही, कोहिमावरच बसला.

कोहिमाचा वेढा बऱ्याच जणांना थोडाफार माहीत असतो, त्यामुळे तो पूर्ण सांगत बसत नाही. सुमारे अडीच हजार लोक, त्यातले बरेच न लढणारे, कारकून, स्वयंपाकी, दवाखान्यातले, समोर बारा हजारांच्या वर जपानी. रोज जागा कमी होत होत शेवटी साडेतीनशे यार्डांचा चौकोन उरला. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याचं टेनिस कोर्ट, एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते, मधे फक्त कोर्ट. तिथेही पाण्याचे हाल, माणशी दिवसाला अर्धा पिंट म्हणजे आपला एक मोठा कप. दोन मैलांवर जोत्सोमाला आपल्या माउंटन तोफा होत्या, त्या दिवसरात्र या चौकोनाच्या कडेकडेने गोळे टाकत होत्या म्हणून ते लोक टिकले. १८ एप्रिलला पंजाब रेजिमेंटची माणसं आत पोचली. टेनिस कोर्ट मात्र पार १३ मे ला सुटलं, वरून एक रणगाडा घसरवत खाली कोर्टात उतरवला तेव्हा.

इंफाळचं वेगळंच चाललेलं. तिथे स्लिमने ठरवूनच फौज मागे घेतली होती, की जपान्यांना डोंगर ओलांडून सपाटीपर्यंत येऊ द्यायचं, त्यांची रसद ताणली जाईल, आपली जवळ येईल, आणि सपाटीवर आपले रणगाडे चालतील. शत्रूला आत ओढून त्याची रसद तोडायची हे आपल्याला शिवाजी महाराजांपासून माहीत असलेलं, पण करायला छाती लागते कारण तोवर सगळे तुम्हाला पळपुटा म्हणतात. मार्चअखेर इंफाळचा रस्ता तुटला आणि दीड लाखाच्या आसपास लोक आत. मग विमानं. त्याआधीच बर्माच्या किनाऱ्यावरच्या आराकानमधून पाचवी भारतीय डिव्हिजन उचलून आणायला सुरुवात झाली होती, तोफांसकट, खेचरांसकट. डकोटा विमानात खेचरं कशी उभी केली असतील हा विचार मी कितीदा केलाय, आम्हाला टेम्पोत एक म्हैस चढवायची तर चार माणसं लागतात. चीनला माल नेणारी काही विमानं या आघाडीचा सरसेनापती माउंटबॅटनने इकडे वळवून घेतली. पॅराशूटला रेशीम मिळेना तर स्लिमच्या लोकांनी कलकत्त्याच्या गिरण्यांकडून तागाची पॅराशूटं बनवून घेतली, गोणपाटाच्याच तागाची, आणि त्यावर तांदूळ, दारूगोळा, सगळं उतरवलं. जखमी आणि न लढणारे हजारो लोक परतीच्या विमानांनी बाहेर काढले, खाणारी तोंडं कमी केली. हा डिस्पॅच आहे. मला विचाराल तर हा त्या अख्ख्या युद्धातल्या सगळ्यात भारी डिस्पॅचपैकी एक आहे.

एक टेकडी तेवढी सांगतो, नुंगशिगुम. इंफाळच्या सपाटीच्या डोक्यावर, तिथून विमानतळ दिसतो, आणि ती जपान्यांनी घेतली. १३ एप्रिलला डोगरा पायदळ आणि त्यांच्यासोबत रणगाडे त्या कड्यावर चढले. जपान्यांना वाटलंच नव्हतं की रणगाडा तिथे चढेल. वर पोचेपर्यंत इंग्रज ऑफिसर सगळे पडले किंवा जखमी झाले, पुढची लढाई सुभेदार आणि सार्जंट मेजरने चालवून टेकडी घेतली. सुभेदाराने काय केलं हे पुस्तकांत कमी येतं, पण आमच्या गावातल्या कुठल्याही रिटायर्ड माणसाला विचारा, तो सांगेल की पलटण चालवतो कोण.

यात एक गोष्ट मला टाळायची नाहीये. समोरच्या बाजूलाही आपली माणसं होती. आझाद हिंद सेनेचे हजारो जवान जपान्यांसोबत आले, १४ एप्रिलला मोइरांगला तिरंगा फडकवला, आणि त्यांना तर जपान्यांपेक्षाही कमी मिळत होतं. भात नाही, औषध नाही, मलेरिया, हगवण. एका टेकडीवर मराठा, डोगरा, पंजाबी आणि दुसऱ्या टेकडीवर दिल्लीला निघालेली आपलीच माणसं. मला यात एकाला मोठं करायला दुसऱ्याला लहान करावं असं कधीच वाटलं नाही. सांगशाकच्या मराठ्याबद्दल आदर आहे म्हणून मोइरांगच्या जवानाबद्दल कमी होत नाही. दोघंही उपाशी होते आणि दोघंही जागा सोडत नव्हते.

आपल्या मराठी माणसाला खरं तर हे सांगायला लागू नये. पानिपत आठवा. अब्दालीने यमुना उतरून दिल्लीचा रस्ता तोडला, गोविंदपंत बुंदेले रसद जमवता जमवता मारले गेले, आणि १४ जानेवारी १७६१ ला भाऊंची फौज उपाशीपोटी बाहेर पडली. त्यांचं शौर्य कमी होतं का? जपान्यांचंही नव्हतं. शौर्याने एक दिवस निघतो, दोन निघतात.

कोहिमासमोर सातोने दोन महिने काढले. मागून जवळपास काहीच आलं नाही. माणसं गवत, मुळं खायला लागली. त्याने परत परत मागितलं, मुतागुचीकडून उत्तर एकच की लढत राहा. मेअखेर सातोने वरचा हुकूम धुडकावून आपली डिव्हिजन मागे घेतली. जपानी फौजेत डिव्हिजनचा जनरल असं करणं म्हणजे आभाळ कोसळण्यासारखं होतं. त्याला कोर्ट मार्शल हवं होतं, तिथे सगळं बोलायचं होतं, तर त्याला मानसिक आजारी ठरवून विषय बंद केला. तिन्ही डिव्हिजनचे तिन्ही कमांडर त्या एका मोहिमेत काढले गेले. माझ्या मते ही लढाई फिरली ती त्या दिवशी, सातोने माणसं वाचवायचं ठरवलं त्या दिवशी, आणि तो दिवस यायला सुरुवात झाली होती सांगशाकच्या कातळावर.

२२ जूनला कोहिमाकडून येणारे आणि इंफाळकडून जाणारे मैलाचा दगड १०९ ला भेटले. रस्ता उघडला, ट्रक सुरू झाले. जुलैमध्ये जपान्यांनी मोहीम थांबवली. सुमारे ८५ हजार माणसं आत आली होती, त्यातली ५० हजारांवर मेली, जखमी झाली किंवा हरवली, आणि मेलेल्यांतली बहुतेक भुकेने आणि आजाराने. भर पावसात चिंदविनकडे जाणाऱ्या त्या वाटेला जपान्यांनीच हाडांचा रस्ता असं नाव दिलं.

मागच्या डिसेंबरमध्ये आम्ही दोघं कोहिमाला जाऊन आलो. सांगशाकला जायचं फार मनात होतं, मणिपूरची परिस्थिती बघता या वेळी नाही जमलं. कोहिमाच्या वॉर सिमेट्रीत ते टेनिस कोर्ट अजून आहे, पांढऱ्या रेषा सिमेंटमध्ये आखून ठेवल्यात, आजूबाजूला थडगी. मी एका बाजूच्या रेषेवरून दुसऱ्या बाजूला चालत गेलो, फार पावलं नाही लागली. सगळ्यात वर, चढून गेल्यावर, ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांचं स्मारक, ज्यांना अग्नी दिला गेला त्यांचं. बरेच टुरिस्ट तिथपर्यंत येत नाहीत, खाली फोटो काढून निघतात. आम्ही तासभर बसलो. बायकोने येताना घरून शेंगदाण्याचे लाडू आणले होते, त्यातला एक तिने तिथे ठेवला. मी काही बोललो नाही, तीही नाही.

परत येताना टॅक्सीवाला, तिशीतला मुलगा, त्याला विचारलं की तुमच्या घरात काही सांगतात का त्या वेळचं. म्हणाला आजी सांगायची. गोळीबार सुरू झाला तेव्हा ती दहा-बारा वर्षांची, सगळं घर जंगलात पळालं, जाण्याआधी तिच्या आईने चुलीच्या मागे खड्डा करून तांदळाचं मडकं पुरलं, कारण सैनिक पहिल्यांदा तांदूळ आणि डुकरं-कोंबड्या नेतात हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. पावसाळ्यात परत आले तेव्हा घर नव्हतं. गावच नव्हतं. कुणाचं घर कुठे होतं तेच कळेना. आईने चुलीचे दगड शोधून काढले, त्यावरून माप घेतलं आणि हाताने उकरायला लागली.

मी विचारलं, मिळालं का मडकं? म्हणाला हो, वरचा थर कुजला होता, खालचा चांगला होता, त्या दिवशी शेजारच्या तीन घरांनी त्यातलाच भात खाल्ला.